चौथी गाठ

रात्रीचे पावणेतीन. विश्रामबागेत
खालची पिठाची गिरणी गप्प,
आणि पडद्यावर एकच ओळ, पुन्हा पुन्हा:
अपेक्षित तीन, सापडले चार.

एक पान हलवायचंय मला.
स्मृतीच्या या पेठेतून त्या पेठेत,
तेही असं, की वाचणाऱ्याची
पापणी लवून उघडेपर्यंत
त्याच्या बुडाखालची जागा बदललेली असावी
आणि त्याला पत्ता नसावा.

हलवण्याआधी कर्नल मोजतो,
पानाला किती हातांनी धरलंय.
(कर्नल म्हटलं की अण्णांना
मिशीवाला फौजीच दिसतो. दिसू दे.)
हे मी पुण्यात शिकले असं सांगते लोकांना.
शिकले गणपती पेठेत,
दस्तगीरचाचांच्या गोदामात,
अण्णा तिथे तोलार होते
आणि मी शाळा सुटल्यावर पोत्यांवर बसून
एकोणीसचा पाढा चुकायचे.

हळदीच्या पोत्याच्या कानाला गाठी असायच्या.
तांबडा दोरा शेतकऱ्याचा,
पांढरा अडत्याचा,
तारण असेल तर बँकेची सुतळी.
पोतं एक, धरणारे तिघे.
"आधी गाठी मोजायच्या बेटा, मग हात लावायचा."

संध्याकाळी चाचा फडक्यानं पोत्यांची पाठ पुसायचे.
सकाळी वर पिवळं बोट उमटलेलं दिसलं
तर रात्रीत कुणीतरी नमुना काढलाय.
कोण, ते विचारायचे नाहीत.
वहीत एक टिंब, आणि पुन्हा फडकं.
टिंबं नसलेली पोती मागच्या भिंतीला जायची.

पुराच्या साली
आयर्विन पुलावरचा आकडा चढत गेला
तेव्हा माल माळ्यावर न्यायचं ठरलं.
जिथून पोतं उचललं तिथं चाचा पाटी ठेवत:
हलवतोय. थांबा.
आलेला माणूस पाटीपाशी उभा राही.
वर पोतं टेकलं, भिजलेलं असेल तर भिजलेलं असं लिहिलं,
तिन्ही वह्यांत नवी जागा चढली,
की मगच पाटी निघे.

एका पोत्याला चार गाठी.
चौथी निळी. कुठल्याच वहीत नाही.
"तोडा की!" यल्लाप्पा हमाल ओरडला,
"पाणी उंबऱ्याला लागलंय!"

चाचांनी दहा फेऱ्या मारल्या.
दहा वेळा मोजलं.
दहाव्यांदाही चार.
"ज्याचा हात आत आहे, त्याला न सांगता
पोतं हलवलं तर तो इथंच हात घालेल.
तेव्हा इथं दुसऱ्याचं काही असेल."

पोतं राहिलं.
पाणी तिसऱ्या थरापर्यंत आलं.
अण्णा त्यानंतर चाचांशी
फक्त वजनापुरतं बोलत. इतकंच. बरीच वर्षं.

चिखल ओसरल्यावर उन्हात पोती फोडली
तेव्हा मला ती गाठ जवळून दिसली.
माझी रिबन होती. शाळेची.
पाढा म्हणताना वेणीतून सुटायची,
म्हणून पोत्याच्या कानाला बांधून ठेवलेली,
आणि घरी जाताना तशीच राहिलेली.

मी काही बोलले नाही.
चाचा वारले तेव्हाही नाही.

आता पाच वाजत आलेत.
सापडलाय चौथा हात:
नेटवर्क कार्डाचा एक जुना ड्रायव्हर,
काम संपल्यावर पान सोडायचं राहून जातं त्याचं.
त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं.
एक ओळ घातली.
अपेक्षित तीन, सापडले तीन.
पान गेलं. जुनी जागा मोकळी.

दुरुस्तीखाली कारण लिहावं लागतं.
लिहिलं: धरलं, आणि सोडायला विसरले.
खाली गिरणीचं शटर वाजलं.
एकदा वाचलं,
आणि 'विसरले' खोडून
'विसरला' केलं.